मेध्य रसायन लिहिण्यापूर्वी

विस्मृतीचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात सहसा स्वतःहून येत नाही. त्याला आणले जाते. सोबत मुलगा किंवा सून असते, पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांची चळत असते आणि रुग्ण मात्र आपले काहीच बिघडलेले नाही अशा मुद्रेने बसलेला असतो. दूधवाल्याला दोनदा पैसे दिले, देवळातून परतताना वाट चुकली, असे नातेवाईक हलक्या आवाजात सांगतात आणि शेवटी विचारतात, "यावर ब्राह्मी चालेल ना?" आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, निद्रा व मलप्रवृत्ती विचारतो आणि लेखणी उचलतो. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची, शंखपुष्पी ही चरकसंहितेच्या रसायनाध्यायातील चार मेध्य द्रव्ये आपल्या हाताला इतकी सवयीची झाली आहेत की ती लिहिताना विचार करावा लागत नाही.

या साऱ्या विधीत एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. रुग्णाच्या दंडाला रक्तदाबमापकाची पट्टी बांधली जात नाही. अल्झायमर व तत्सम स्मृतिभ्रंशाचे विकार हे जितके मज्जातंतूंचे आहेत तितकेच मेंदूला पोसणाऱ्या रक्तवाहिन्यांचेही आहेत, आणि त्या रक्तवाहिन्यांची चौकशी केल्यावाचून मेध्य रसायन लिहिणे हा चिकित्सेतील दोष आहे, एवढेच मला येथे म्हणावयाचे आहे. हे मी उपदेशकाच्या भूमिकेतून लिहीत नाही. ज्याच्या हातून हा दोष घडला त्याच्या भूमिकेतून लिहितो आहे.

सन २००९ मधील गोष्ट. मला व्यवसाय सुरू करून पाच-सहा वर्षे झाली होती. गावातील एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. गुरुजींचे वय एकाहत्तर. त्यांच्या स्मरणशक्तीची तालुक्यात ख्याती होती. कोणत्याही वर्षीच्या दहावीच्या वर्गाची हजेरी ते पटावरील क्रमाने म्हणून दाखवीत. अलीकडे त्या हजेरीतील मधली नावे गळू लागली होती आणि नातवाला ते कधीकाळच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या नावाने हाक मारीत. अकरा वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेत होते. "वैद्यराज, या गोळ्यांनीच माझं डोकं बधिर झालंय. तेवढ्या सोडवा," असे ते म्हणाले.

मी "बंद करा" असे म्हटले नाही. "हळूहळू कमी करता येतील," असे म्हटले. आधुनिक औषध सोडून आपल्याकडे येणारा रुग्ण पाहून तरुण वैद्याला जो एक सुप्त आनंद होतो, तो मला झाला होता आणि गुरुजींनी तो ओळखला असावा. मंडूकपर्णीची घनवटी, यष्टीमधुचूर्ण सकाळ-सायंकाळ दुधासह आणि रात्री पादाभ्यंग अशी योजना केली. रक्तदाब पहिल्या दिवशी पाहिला तो १५०/९० होता. त्यानंतर पाहिला नाही. महिन्याभराने गुरुजी म्हणाले, बरे वाटते. मीही समाधान मानले. गोळी त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिली होती हे मला पाचव्या महिन्यात, त्यांना पक्षाघात झाल्यावर समजले. उजवा हात पुढे बराच सुधारला. स्मृती सुधारली नाही. जी पायरीपायरीने उतरत होती ती एकदम तळाला आली. त्यांच्या पत्नींनी मला कधी जाब विचारला नाही. उलट, मागचेच चूर्ण चालू ठेवू का, हे विचारावयास त्या आल्या.

त्या चूर्णाकडे मी पुढे येणार आहे. तत्पूर्वी या रोगाच्या इतिहासातील एक विसरलेली नोंद.

आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्ट येथे तपासलेली रुग्णा औगुस्ट डेटर १९०६ मध्ये मरण पावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगन येथील सभेत त्यांनी तिच्या मेंदूतील विकृती मांडली आणि पुढील वर्षी ती त्रोटक निबंधरूपाने छापली. आज आपण 'प्लाक' व 'टँगल' म्हणून ओळखतो ते साचलेले थर आणि तंतूंचे गुंते त्यात आहेत. परंतु त्याच निबंधात, मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत काठिण्याचे बदल दिसतात, असेही नोंदलेले आहे. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० च्या आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरांचे नाव दिले. पुढे थर आणि गुंते यांचाच अभ्यास मुख्यत्वे झाला आणि रक्तवाहिन्यांची नोंद मागे पडली. 'रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश' असा एक वेगळाच कप्पा करण्यात आला आणि अल्झायमर त्यापासून निराळा, असे विद्यार्थ्यांना शिकविले गेले. आमच्याही अभ्यासक्रमात ते तसेच होते.

प्रत्यक्ष वृद्धांच्या मेंदूत हे कप्पे आढळत नाहीत. डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेत कॅथलिक नन्सवर केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. ६७८ भगिनी त्यात सहभागी होत्या आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करण्यास त्या सर्वांनी संमती दिली होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १०२ भगिनींच्या मेंदूंचा विचार आहे. त्यांपैकी ६१ जणींमध्ये अल्झायमरची विकृती निकषांनुसार पूर्ण होती. तरीही त्या साऱ्याच जणी जिवंतपणी विस्मृतीने ग्रस्त नव्हत्या. ज्यांच्या मेंदूच्या अंतर्भागात एक-दोन बारीक रक्तवाहिन्या बंद पडून लहानशा जागा मृत झालेल्या होत्या, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक निघाले. आणि ज्यांच्या मेंदूत अल्झायमरची विकृती नव्हती, त्यांच्यावर अशाच बंद रक्तवाहिन्यांचा परिणाम अल्प होता. म्हणजे एक दोष असताना मेंदू तग धरतो, दुसरा त्यात मिळाला की कोसळतो. गुरुजींचे काय झाले असावे हे मला तो अभ्यास वाचताना प्रथम उमगले.

कार्यकारणाचा विचार केला तर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. शरीराच्या भाराच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू प्राणवायूचा सुमारे वीस टक्के वाटा घेतो आणि साठवणूक जवळजवळ शून्य. मेंदूच्या अंतर्भागात शिरणाऱ्या धमन्या लांब, केसासारख्या बारीक आणि एकट्या असतात. एक बंद पडली तर तिचे काम करावयास शेजारीण नसते. वर्षानुवर्षे चढ्या दाबाचा मारा सोसून त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात, आणि रक्तातील नको ते पदार्थ मेंदूबाहेर रोखणारा पडदा झिरपू लागतो. शिवाय रक्तवाहिन्या केवळ पोषण आणत नाहीत, मलही वाहून नेतात. अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत सतत निर्माण होते आणि निरोगी अवस्थेत ते सतत बाहेर टाकले जाते. त्याचा एक मार्ग रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून व त्यांच्या कडेकडेने जातो. धमनीच्या स्पंदनाने तेथील द्रव पुढे ढकलला जातो, असे २०१२ पासूनच्या, मुख्यत्वे उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले आहे. तपशिलावर मतभेद आहेत. ताठ झालेल्या धमनीचे स्पंदन दुबळे होते, मल साचतो, आणि तो रक्तवाहिनीच्या भिंतीतच साचला तर ती फुटण्याचेही भय असते. अमायलॉइड धुऊन काढणारी लेकानेमॅबसारखी औषधे अमेरिकेत २०२३ पासून संमत झाली. त्यांचा सर्वांत चिंतेचा उपद्रव मेंदूतील सूज व सूक्ष्म रक्तस्राव हाच आहे. शेवटी प्रश्न पुन्हा रक्तवाहिनीपाशीच येतो.

अल्झायमर हा केवळ रक्तवाहिन्यांचाच रोग आहे, असे मी म्हणत नाही. त्यात बीजदोषाचा भाग आहे, वयाचा आहे, आणि रक्तदाब आयुष्यभर उत्तम असलेल्या व्यक्तीलाही तो होतो. परंतु बीज आणि वय आपल्या हाती नाहीत. रक्तदाब आहे.

याला प्रमाण काय? युरोपात वृद्धांच्या उच्च रक्तदाबावर झालेल्या 'सिस्ट-युर' या चाचणीचा १९९८ चा निष्कर्ष असा, की औषधाने रक्तदाब उतरविलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दर हजारी वर्षाला ७.७ वरून ३.८ वर आले. २०१९ मध्ये अमेरिकेतील 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बुद्धिमांद्य १९ टक्क्यांनी कमी आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही, कारण चाचणी लवकर थांबवावी लागली. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला चीनमधील प्रयोग. ग्रामीण भागातील ३२६ गावे, ३३,९९५ माणसे. तेथे रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचे काम कोणा हृदयरोगतज्ज्ञाने केले नाही. गावातील 'ग्रामवैद्यांनी' केले. ठरवून दिलेल्या पद्धतीने औषधे, घरच्या घरी मोजणी, पाठपुरावा आणि मीठ कमी. चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, आणि त्यांचा अंदाज ग्रामीण भागात अधिक आहे. मज्जाविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, आपण कोपऱ्यावर. ते चिनी ग्रामवैद्य करू शकतात ते आपण का करीत नाही?

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. येथे आपल्यापैकी अनेकांचा आवडता मार्ग असा, की नवीन शोध दिसला की त्यासाठी सूत्र शोधावयाचे आणि "हे आमच्याकडे पूर्वीच होते" म्हणून मोकळे व्हावयाचे. मला त्याचा कंटाळा आहे. परंतु चरकसंहितेत कफाच्या वीस नानात्मज विकारांत 'धमनीप्रतिचय' ही संज्ञा आली आहे, आणि आपण ती परीक्षेपुरती पाठ करून सोडून दिली, हे खेदाने म्हटले पाहिजे. धमनीच्या भिंतीत काही साचते ही कल्पना ज्या शास्त्रात आहे, त्या शास्त्राच्या वैद्याने वृद्धाची विस्मृती दिसताच थेट वातवृद्धी व मज्जाक्षय म्हणून बृंहण सुरू करावे, हे बरे नव्हे. मार्गावरोध असताना बृंहण केले तर काय होते, हे चिकित्सास्थानातील आवरणाचा विचार ज्याने वाचला आहे त्याला सांगावयास नको. तूप, दूध आणि मधुर रसायन स्थूल, मधुमेही, रक्तदाब चढलेल्या साठीतील गृहस्थास देताना मी आता दहा वेळा थांबतो.

शार्ङ्गधरांनी दशकागणिक होणारा ऱ्हास सांगताना मेधेचा ऱ्हास चौथ्या दशकात घातला आहे आणि बुद्धीचा नवव्यात. त्याचा शब्दशः अर्थ काढू नये. तथापि आजचे निरीक्षणही असेच आहे, की पुढे सत्तरीत दिसणाऱ्या स्मृतिभ्रंशाशी सर्वाधिक निगडित असतो तो चाळिशी-पन्नाशीतील रक्तदाब. इतकेच नव्हे, तर रोग जडू लागल्यावर रक्तदाब अनेकदा आपोआप उतरू लागतो. म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रुग्णाचा १२०/७० हा आकडा पाहून 'याचा रक्तवाहिन्यांशी संबंध नाही' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आणि म्हणूनच, ज्याला आणले आहे त्याच्याइतकाच ज्याने आणले आहे तो आपला रुग्ण होय. सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा, पोट सुटलेले, तंबाखूची पुडी खिशात, स्वतःचा रक्तदाब कधीच पाहिलेला नाही. मेध्य चिकित्सेचा खरा काळ त्याच्या बाबतीत चालू आहे.

आता कपाटातील बाटल्या. फार्मसीधारक बंधूंनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

यष्टीमधूतील ग्लिसिरायझिन हे नित्य सेवनाने शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब चढविते. हे औषधशास्त्रात निर्विवाद आहे. मूत्रल गोळी घेणाऱ्या वृद्धाचे पोटॅशियम आधीच खाली असते. त्यात हे भर घालते. गुरुजींची गोळी सुटली होती आणि मी त्यांना दिवसातून दोनदा रक्तदाब वाढविणारे मेध्य द्रव्य पाच महिने देत होतो. मला ही माहिती नव्हती असे म्हणावयाची सोय नाही; ती त्या वेळीही पुस्तकांत होती.

लवणभास्कर चूर्णात सामुद्र लवणाचा भाग सर्वांत मोठा असून सैंधव, सौवर्चल, बिड ही आणखी लवणे आहेत. अपचनाची तक्रार करणारा उच्च रक्तदाबाचा म्हातारा ते वर्षानुवर्षे चमच्याने घेतो आणि भाजीत मात्र मीठ कमी घालतो. सारस्वतारिष्ट हे स्मृतीसाठी सर्वाधिक खपणारे अरिष्ट. त्यात शर्करा आहे आणि स्वयंजनित मद्य आहे. मधुमेही रुग्णाला ते देताना कोण विचारतो? झोप येत नाही म्हणून सर्पगंधा घनवटी दिली जाते. सर्पगंधेचा अभिमान आपल्याला योग्यच आहे, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात तिच्यावर लिहिले आणि रक्तदाबाच्या चिकित्सेत साऱ्या जगाने तिची दखल घेतली. परंतु ती विषाद उत्पन्न करते आणि वृद्धांतील विषाद विस्मृतीसारखाच दिसतो. त्याच घनवटीत खुरासानी ओवा असतो. त्यातील हायोसायमिन व स्कोपोलामिन ही स्मृतीला प्रत्यक्ष बाधक आहेत. विस्मृतीच्या रुग्णाला ही वटी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी एका प्रतिनिधीने माझ्या टेबलावर एक चकचकीत पत्रक ठेवले. त्यावर मेंदूचे रंगीत चित्र, ब्राह्मीचे पान आणि 'अल्झायमर रोखते' असे ठळक अक्षर. ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती, जलब्राह्मी की मंडूकपर्णी, याचा त्या पत्रकात पत्ता नव्हता. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत मेंदूचे विकार, धमनीकाठिण्य आणि उच्च रक्तदाब हे तिन्ही आहेत. त्यांवरील उपचाराची वा प्रतिबंधाची जाहिरात करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी पुरावा कोठे आहे? जिंकगो या वनस्पतीची ख्याती आपल्या ब्राह्मीपेक्षा जगात कितीतरी अधिक होती. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर तिची दीर्घ चाचणी झाली आणि २००८ साली निष्कर्ष आला, की स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीची तशी मोठी परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. ती होईपर्यंत वेष्टनावर 'स्मरणशक्तीस सहायक' यापलीकडे जाऊ नये. आणि यष्टीमधुयुक्त कल्पावर 'रक्तदाब असल्यास वैद्यांच्या सल्ल्याने' ही एक ओळ छापावी. तिला शाई किती लागते?

माझे एक ज्येष्ठ स्नेही हे सारे ऐकून म्हणाले, "म्हणजे आपण आता त्यांच्या गोळ्यांचे पहारेकरी व्हायचे? मग आयुर्वेद कुठे राहिला?" प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे, की गोळी चालू ठेवणे हे चिकित्सेचे एक अंग झाले; उरलेली अंगे मोकळीच आहेत. लोणचे, पापड, फरसाण किती ते ताटात डोकावून विचारणारा, मिश्री सोडा असे आजीला तिच्याच भाषेत सांगणारा, रोज अर्धशक्ती व्यायाम करवून घेणारा, रात्रीची झोप सुधारणारा, तीन पिढ्यांचे घर ओळखणारा वैद्यच असतो. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे मोजली आणि ती सारी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल वा लांबेल असे म्हटले; त्यांतील रक्तदाब, मधुमेह, स्थौल्य, धूम्रपान, मद्य, व्यायामाचा अभाव, वाईट कोलेस्टेरॉल ही रक्तवाहिन्यांचीच कारणे आहेत. निदानपरिवर्जन ही आपलीच पहिली चिकित्सा आहे ना?

माझ्या चिकित्सालयात आता विस्मृतीच्या रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, बाही वर करून, दोन्ही दंडांवर रक्तदाब पाहिला जातो आणि नंतर उभे करून पुन्हा. कारण वृद्धांत उभे राहताच तो कोसळत असेल तर अधिक उतरविण्यात धोका आहे. साखर, थायरॉइड व जीवनसत्त्व बी-१२ या तपासण्या झाल्याखेरीज मी मेध्य औषध लिहीत नाही. चालू गोळी सोडण्याविषयी रुग्णाने विचारले तर ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतो. सुरुवातीला हे लिहिताना हात अडखळत असे. बहुतेक डॉक्टरांनी उत्तरे दिली आहेत. दोघांनी गोळी बदलून दिली, एकाने मात्रा कमी केली.

आपल्या संघटनेच्या वार्षिक शिबिरात ज्येष्ठ नागरिकांना ब्राह्मीचे सरबत वाटण्याची प्रथा आहे. ती असू द्यावी. परंतु सरबताच्या टेबलाआधी एक टेबल रक्तदाबाचे असावे आणि तेथे म्हाताऱ्यांसोबत आलेल्या मुला-सुनांचीही मोजणी व्हावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे पाठविला आहे. माझ्याकडील दोन रक्तदाबमापके मी देतो. आणखी चार लागतील.